शब्दचर्चा : ‘बेट’ कशाला म्हणावे?

ग्रीनलंडच्या उत्तरेकडील चिमुकल्या खडकाळ जागांना ‘बेट’ म्हणावे की ‘द्वीप’, असे आपण विचारले आहे. ‘द्वीप’ हा शब्द ‘द्वि’ आणि ‘अप्’ यांपासून झाला आहे, म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंना पाणी आहे असा. ‘बेट’ मात्र पाण्यावाचूनही चालते, कारण बांबूचेही बेटच असते. तरीही धावत्या मजकुरात मी ‘बेट’च लिहीन आणि ‘द्वीप’ हा शब्द द्वीपसमूह, द्वीपकल्प अशा समासांसाठी राखून ठेवीन.

खरी अडचण विशेषनामांची आहे. डॅनिश भूवैज्ञानिक लाउगे कॉक यांनी १९२१ साली एका बेटाला कोपनहेगनमधील कॉफी-मंडळाचे नाव दिले. त्या नावाच्या शेवटी ‘बेट’ या अर्थाचा एकाक्षरी डॅनिश शब्द आहे. तो गाळून आपण ‘काफेक्लुब्बेन बेट’ लिहितो, ते योग्यच आहे.

२०२१ साली कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांना त्याच परिसरात सुमारे ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, चिखलगोट्यांचा एक उंचवटा आढळला, आणि त्यांनी त्यासाठी ‘केकेर्ताक अवान्नार्लेक’ हे ग्रीनलंडी नाव सुचवले. त्याचा अर्थच ‘सर्वांत उत्तरेकडील बेट’ असल्यामुळे पुढे आणखी एक ‘बेट’ जोडणे ही द्विरुक्ती ठरते, जशी ती ‘जंजिरा बेट’ म्हणताना होते, कारण ‘जंजिरा’ हा अरबी ‘जझीरा’चाच, म्हणजे बेटाचाच, अवतार आहे. जंजिऱ्याच्या बाबतीत ती रूढ झाली आहे, म्हणून मी तिला हरकत घेणार नाही; नव्या नावात मात्र ती येऊ देऊ नये.

त्यातच २०२२ मधील मोजणीत त्या उंचवट्याखाली जमीन नसून, समुद्रतळाला टेकलेला आणि वरून गोट्यामातीने झाकलेला हिमनग असल्याचे आढळले. त्यामुळे त्याचे वर्णन करताना ‘बेट’ न लिहिता ‘गोट्यांनी झाकलेला हिमनग’ असे लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. सुचवलेले नाव अवतरणचिन्हांत द्यावे.

त्याच परिसरातील ‘ऊडाक’चे तसे करू नये. १९७८ साली सापडलेल्या त्या जागेला १९०९ च्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत अमेरिकी संशोधक रॉबर्ट पिअरी यांच्याबरोबर गेलेल्या इनुइट प्रवाशाचे नाव दिले होते. ती जागाही बेट नव्हती असे ठरले, तरी त्या माणसाचे नाव मजकुरातून गाळले जाऊ नये. ‘ऊडाक बेट म्हणून नोंदलेली जागा’ असा उल्लेख मला सर्वांत नेमका वाटतो.