मदत हवी आहे: हिमशिखराच्या चढाईसाठी हलकं सामान

नमस्कार मंडळी, आम्ही दोघं हिमनदीवरच्या चार-पाच दिवसांच्या चढाईची तयारी करतोय, पण सॅकचं वजन काही केल्या उतरत नाहीये. खरी अडचण स्लीपिंग बॅगची. डाउनची, म्हणजे बदक-हंसाच्या मऊ पिसांची बॅग हलकी, घडीही लहान होते. पण एकेरी कापडाच्या तंबूत श्वासाची वाफ रात्री आतून गोठते, सकाळी वितळून थेंब बॅगवर पडतात आणि भिजलेल्या डाउनचे गोळे होऊन ऊब जाते. मग सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम तंतू भरलेल्या बॅगचं जादा वजन वाहावं का?

क्रॅम्पॉन (बर्फावर चालताना बुटांखाली बांधायचे काटे) ॲल्युमिनियमचे चालतील, की मध्ये खडक लागतो म्हणून पोलादीच घ्यावेत? दोर आणि हेल्मेट यांत काटकसर करणार नाही, ते पक्कं आहे.

ज्यांनी ओल्या थंडीत सलग मुक्काम केलेत त्यांनी कृपया सांगा, तिसऱ्या-चौथ्या रात्री बॅगची ऊब कितपत टिकली?