पुनर्विकासाचा नवीन नकाशा (बी विंग) – स्वयंपाकघराच्या भिंतीबद्दल

माने वहिनी: नकाशा आत्ता उघडला. ओट्यापासून सोफ्यापर्यंत मध्ये एकही भिंत नाही! बंद स्वयंपाकघर ठरलं होतं ना मागच्या मीटिंगला?

शिर्के (सेक्रेटरी): वहिनी, नुसता प्रस्ताव आहे. रविवारी आर्किटेक्ट येताहेत, तेव्हा बोलू 🙏

प्रणव: काकू, ओपन मस्त दिसतं. उजेड येतो, काम करता करता मुलांवर लक्ष राहतं.

माने वहिनी: सुके बोंबील भाज एकदा, मग पडदे धुवायला ये.

हेमंतभाई: वहिनी, माझ्या खिडकीखाली नको हं 😅

प्रधान काका: देवघर कुठे दाखवलंय?

प्रणव: चिमणी लावायची ना!

देशपांडे सर: डक्ट, म्हणजे धुराचा पाइप, बाहेर काढलेलीच चिमणी धूर बाहेर टाकते. कार्बन फिल्टरवाली तीच हवा गाळून घरात सोडते. नकाशात डक्टला भोकच नाही.

प्रणव: पण जागा वाढते, बिल्डरचा माणूस म्हणाला.

देशपांडे सर: दहा फूट लांब, साडेचार इंची भिंत. गुणाकार कर. पावणेचार चौरस फूट! तेवढ्यात एक पाट मांडता येईल. आणि रेरात, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्यात, आतल्या भिंती कार्पेटमध्येच (घराच्या आतल्या क्षेत्रफळात) धरतात, म्हणजे कागदावर शून्य वाढ. विटा-प्लास्टर वाचतं ते बिल्डरचं.

माने वहिनी: वर मे महिन्यात बडोद्याचा उन्हाळा. हॉलचा एसी आमची शेगडी गार करत बसणार.

प्रधान काका: देवघर??

शिर्के (सेक्रेटरी): सर्वांच्या मताचा आदर आहे. दुरुस्तीची वर्गणी बाकी असणाऱ्यांच्याही.

माने वहिनी: हे मला का? पावती मार्चमध्येच तुमच्या मिसेसकडे दिलीय.

शिर्के (सेक्रेटरी): मी नाव घेतलं नाही.

हेमंतभाई: माझीही बाकी आहे, भांडू नका 🙏

माने वहिनी: मग मी सहीच करत नाही.

देशपांडे सर: एकट्याने अडवून भागत नाही. जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाला आपल्या गुजरातच्या कायद्यात ७५ टक्के संमती पुरते. त्यापेक्षा मागणी लेखी द्या. आरसीसी फ्रेममध्ये भार खांब-तुळयांवर असतो, या भिंतीवर नसतो, ज्याला हवी त्याला बांधून देता येते. मात्र करारात आत्ताच आलं पाहिजे, नंतर खर्च आपल्या माथी.

प्रधान काका: नकाशात देवघर नाहीये. तिसऱ्यांदा विचारतोय.

शिर्के (सेक्रेटरी): पोल टाकतो. अ) भिंत ब) ओपन क) काचेचं सरकतं दार.

प्रणव: ब

हेमंतभाई: अ. कारण बोंबील.

माने वहिनी: क. पण दाराचे पैसे बिल्डर देणार, हे पोलमध्येच लिहा. आणि काकांचं देवघर ड म्हणून टाका, नाहीतर ते रविवारपर्यंत थांबणार नाहीत.