'श्येनछंग'ला मराठीत काय म्हणावं? (कसबा? तालुक्याचं गाव? निमशहर?)

पाटीपेन्सिल
आमच्या फिल्म सोसायटीत पुढच्या महिन्यात चार चिनी गुन्हेपट दाखवायचे आहेत आणि पत्रकाचा मजकूर माझ्या गळ्यात पडला आहे. पहिल्याच वाक्याला अडलेय: 'चीनमधल्या अमुक ठिकाणी घडणारे हे चित्रपट...' ते अमुक म्हणजे काय? मूळ चिनी शब्द 'श्येनछंग'. मी 'कसब्यांत घडणारे' लिहिलं. अध्यक्षांचा लगेच फोन, "कसब्यात चिनी कधी आले? गणपतीच्या मागे की पुढे?" त्यांच्या मते कसबा म्हणजे पुण्यातली पेठ, बाकी शब्द मेला. त्यांनी सुचवलेलं 'खेड्यांत' मात्र साफ चूक आहे. दिग्दर्शक जिया झांगकेच्या 'श्याओ वू'मधलं (१९९७) फनयांग हे गाव बघा. तिथे कराओकेची दुकानं आहेत, पाडायला काढलेली बाजारपेठ आहे, व्यापाऱ्याची मुलाखत घ्यायला टीव्हीवाले येतात. हे खेडं नव्हे. शहरही नव्हे, कारण नायक खिसेकापू आहे आणि अख्खं गाव त्याला ओळखतं. शब्द सुचवा. तीन दिवसांत पत्रक छापायला जायचंय.

गप्पबसा
तुम्हीच 'अख्खं गाव' लिहिलंत की. झालं काम. मुंबईकर तर कोल्हापूरलासुद्धा 'गावाला' जातो.

निफाडकर
कसबा मेला असं म्हणणाऱ्यांना आमच्याकडे पाठवा. कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे अशी दोन जिवंत गावं आहेत आमच्या तालुक्यात. सांगलीजवळ कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज आहेत. कसबा म्हणजे पेठ भरणारं, कचेरी असणारं गाव, आणि मौजे म्हणजे निव्वळ शेतीचं. ताई, तुमचा शब्द अगदी नेमका आहे. आमचे आजोबा सांगायचे की कसबी लोक, म्हणजे सोनार, तांबट, कोष्टी जिथे राहतात तो कसबा. कसब वरून कसबा.

यिवूवासी
निफाडकर, आजोबांचा मान राखून सांगतो, कसब आणि कसबा यांचा संबंध नाही. दोन्ही अरबीतून फारसीमार्गे आले, पण धातू वेगळे. कसब मधला 'क' साधा, त्याचा अर्थ कमाई. कसबा मधला 'क' घशातला, आणि 'स'सुद्धा वेगळा. आपल्याकडे येईपर्यंत दोन्ही सारखे ऐकू यायला लागले.

आता श्येनछंग. मी सहा वर्षं चीनमधल्या यिवूमध्ये आहे, मालाच्या खरेदीसाठी. श्येन म्हणजे जिल्ह्याच्या पातळीखालचा प्रशासकीय भाग, आणि श्येनछंग म्हणजे त्याचं मुख्य ठिकाण. अधिकाराच्या उतरंडीत तो आपला तालुका. पण आकार बघून तालुका म्हणायला जीभ वळत नाही. यिवू कागदोपत्री त्याच पातळीवर आहे, फक्त दर्जा 'शहर' असा. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १८ लाखांवर भरली. आणि तुमचं फनयांग, तेही नव्वदच्या दशकात कागदावर 'शहर' झालेलं आहे. म्हणजे सिनेमातली माणसं कागदावर शहरातच राहतात.

निफाडकर
घशातला क आजोबांना कुणी शिकवला नव्हता. पण तांबट आळी कसब्यातच असते, मौजेत नसते, एवढं तरी मान्य करा.

शुद्धमती
कसबा, तालुका, तहसील, जिल्हा. सगळे परकेच. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश का करून घेतला? 'नगरी' किंवा 'उपनगर' वापरावा.

पाटीपेन्सिल
शुद्धमतीताई, उपनगर म्हणजे बोरिवली. फनयांग बोरिवली नाही.

गप्पबसा
आणि 'कागद', 'शाई', 'दुकान' काढून टाकलेत तर पत्रक छापणार कुठे आणि कशावर?

शुद्धमती
थट्टेने भाषा वाचत नाही.

पाटीपेन्सिल
बरं, दुसरीही अडचण सांगून टाकते. अध्यक्षांनी माझ्या मजकुरातलं 'हिंसा' खोडून 'मारधाड' केलंय, म्हणे तरुण पोरं येतील. पण या चित्रपटांत मारधाड नाहीच. दिग्दर्शक द्याव यीनानच्या, ईशान्य चीनमधल्या हार्बिनकडच्या चित्रपटात (२०१४, बर्लिन महोत्सवात सोनेरी अस्वल हे बक्षीस मिळालं तो) केशकर्तनालयात गोळीबार होतो. कॅमेरा लांब, संगीत नाही, कुणी किंचाळत नाही. आपण डोळे चोळतो तोवर दोन पोलीस मेलेले असतात. याला मारधाड म्हणायचं?

कोळसेवाला
ताई, मारधाडीला दोन बाजू लागतात, म्हणजे हाणणारा आणि उलटून हाणणारा. तुमच्या यादीत ली यांगचा खाणीवरचा सिनेमा आहे का, २००३ चा? माझे बाबा चंद्रपूरकडे कोळसा खाणीत होते, रात्रपाळीवर जायचे. तो सिनेमा मी त्यांच्याशेजारी बसून पाहिला. दोन भामटे कामाच्या शोधातल्या माणसाला गाठतात, नातेवाईक म्हणून खाणीवर लावतात, खाली नेऊन मारतात आणि वर येऊन अपघात झाला म्हणून रडतात. मग मालकाशी भरपाईची घासाघीस. पडद्यावर त्या माणसाला मारलं तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. घासाघीस सुरू झाली तेव्हा म्हणाले, "टीव्ही बंद कर." यात 'काटा काढला' पण बसत नाही, कारण काटा काढायला आधी तो रुतलेला असावा लागतो. इथे वैरच नाही.

निफाडकर
'निकाल लावला'?

कोळसेवाला
तो जरा जवळचा. त्यात कचेरीचा वास आहे.

इंदूरी_पोहे
आपल्या भाषेत अजून एक घोळ आहे. 'मारलं' म्हणजे थप्पड मारली की जीव घेतला? 'मारून टाकलं' म्हटल्याशिवाय कळत नाही. आणि खून! हिंदीत रक्त, मराठीत हत्या. माझी आजी लग्न होऊन इंदूरला आली तेव्हाची गोष्ट. दवाखान्यात पाटी होती, 'यहाँ खून की जाँच होती है'. आजी आजोबांना म्हणाली, चला इथून, पोलिसांचं काम दिसतंय.

गप्पबसा
तुमच्या आजीचा पत्रकावर अग्रलेख छापा.

यिवूवासी
कोळसेवाल्यांनी सांगितलेल्या चित्रपटाचं चिनी नाव 'मांग जिंग'. मांग म्हणजे आंधळा. जिंग म्हणजे विहीर, आणि खाणीत उतरायच्या उभ्या भुयारालाही तोच शब्द. मराठी नाव करायचं तर दोन्ही अर्थ जातात. 'आंधळी खाण' केलं तर विहीर गेली, 'आंधळी विहीर' केलं तर कोळसा गेला.

निफाडकर
'आड' म्हणा की! पायऱ्या नसलेली, अरुंद, सरळ खाली जाणारी विहीर. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. 'आंधळा आड'.

कोळसेवाला
वा. पाळीला उतरताना पाळणा खाली जातो तेव्हा तसंच दिसत असणार. बाबांना विचारतो.

शुद्धमती
आड हा शब्द मात्र उत्तम आहे.

पाटीपेन्सिल
(पहिल्यांदाच शुद्धमतीताई खूश. तारीख लिहून ठेवते.)
नावांचाच विषय निघालाय तर जियाचा २०१३ चा चित्रपटही यादीत आहे, कान महोत्सवात पटकथेचं बक्षीस मिळालेला. चार गोष्टी, चारही खऱ्या घटनांवरून घेतलेल्या. शान्शीचा खाणकामगार गावच्या भ्रष्ट पुढाऱ्यांवर बंदूक चालवतो. हुबेमध्ये सॉनाच्या स्वागतकक्षातल्या बाईला गिऱ्हाईक नोटांच्या पुडक्याने थोबाडतं आणि ती फळं कापायची सुरी उचलते. इंग्रजी नावात 'पाप' आहे, चिनी नाव 'थ्येन चूतिंग', म्हणजे आकाशाने ठरवलेलं. मी 'विधिलिखित' केलं. अध्यक्ष म्हणतात हे सासू-सुनेच्या मालिकेचं नाव वाटतं.

इंदूरी_पोहे
'वरून ठरलेलं'. त्यात देवही येतो आणि सरकारही.

यिवूवासी
हे फार चांगलं आहे. चिनी माणूसही 'आकाश' म्हणताना दोन्हींकडे बघतो.

शुद्धमती
बोली शीर्षक भारदस्त वाटत नाही. 'दैवनिर्मित' करा.

कोळसेवाला
नोटांनी थोबाडणं दैवनिर्मित नसतं, ताई.

गप्पबसा
पत्रकात 'वास्तववादी' लिहिलंय का? लिहिलं असेल तर काढा. मराठीत वास्तववादी म्हणजे कंटाळवाणा असा अर्थ झालाय.

पाटीपेन्सिल
लिहिलंय. दोनदा. पण त्याऐवजी काय? 'श्याओ वू'च्या शेवटी पोलीस त्याला रस्त्यावरच्या तारेला बेडीने अडकवून निघून जातो. तो तिथे उकिडवा बसतो आणि रस्त्यावरची माणसं जमून बघत राहतात. कॅमेरा त्याच्याकडून वळून त्यांच्याकडे. एक थेंब रक्त नाही, आणि मला या यादीतला सगळ्यांत हिंसक प्रसंग तोच वाटतो. याला 'वास्तववादी' म्हटलं की त्यातला जीवच जातो.

कोळसेवाला
बघे. आपल्याकडे त्याला तयार शब्द आहे. 'बघ्यांची गर्दी' पेपरात रोज छापून येतं.

निफाडकर
बघे कसब्यातच असतात. मौजेत सगळे नात्यातले, शहरात कुणाला वेळ नाही.

यिवूवासी
निफाडकर, हे मात्र आजोबांच्या व्युत्पत्तीपेक्षा पक्कं आहे.

पाटीपेन्सिल
कळवायचं राहिलं. पत्रक काल छापून आलं. अध्यक्षांनी परस्पर 'चीनच्या ग्रामीण भागातील थरारक मारधाड' केलंय. माझं फक्त 'भुरटा चोर' तेवढं वाचलं, तेही 'भुरट्या' असं चुकीचं.

गप्पबसा
सामान्यरूप झालंय बिचाऱ्याचं.

इंदूरी_पोहे
भुरटा शब्द आला कुठून हो? भुर्रकन उडून जातो म्हणून का?

निफाडकर
आमचे आजोबा सांगायचे...