स्पीकरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागात, नवीन काही उरलंय का?

स्वरवेडा:
१९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी चुंबकाच्या फटीत हलणारी तारेची कॉइल आणि तिला जोडलेला कोन, म्हणजे हवा हलवणारा शंकू, मांडला. त्यानंतर सगळी रंगरंगोटीच झाली, असं बरेच जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. केफ या स्पीकर कंपनीनं १९८८ मध्ये युनि-क्यू हा ड्रायव्हर आणला. निओडिमियम या धातूच्या जोरदार चुंबकामुळे मॅग्नेट इतका लहान झाला की ट्विटर (वरचे सूर काढणारा छोटा ड्रायव्हर) वूफरच्या (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या ड्रायव्हरच्या) बरोबर मध्यात मावला. सोफ्याच्या टोकाला बसलं तरी गायकाचा आवाज विस्कटत नाही, तो यामुळेच. २०२० मध्ये केफच्याच एलएस५० मेटा या स्पीकरात ट्विटरमागे एक चकती आली, आत चक्रव्यूहासारख्या ३० वाटा. ट्विटर मागेही आवाज फेकतो आणि तो परतून सुरात मिसळतो. प्रत्येक वाट त्यातला आपापला सुरांचा पट्टा शोषून घेते. ही रंगरंगोटी कशी?

जुनं_खोकं:
एकाच अक्षावरचे दोन ड्रायव्हर टॅनॉय कंपनीनं १९४७ मध्येच दिले होते. क्वाड कंपनीनं १९५७ मध्ये कोनच काढून टाकला आणि विद्युतभारित पातळ पडदा हलवला. तो स्पीकर लोक आजही जपून ठेवतात. शिवाय आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या खोलीचं काय? बारा फुटांची बाजू ४७ हर्ट्झला घुमते, मग ९४ ला. डग्गा फुगून ऐकू येतो तो त्यामुळे. तिथे चकती काय करणार? आधी स्पीकर भिंतीपासून पुढे ओढा.

स्वरवेडा:
खालच्या सुरांबद्दल कबूल. पण गळा, सारंगी, हार्मोनियम यांचा बराचसा रंग त्याच्या वर आहे. तिथे बाजूच्या भिंतीवरून येणारा आवाज मूळ आवाजासारखाच असेल तर कान थकत नाहीत. आणि टॅनॉयचा ट्विटर वूफरच्या मागे असतो, त्याचा आवाज मॅग्नेटमधून वाट काढत येतो. दोघांचा उगम एकाच जागी आणला तो युनि-क्यूनंच.

सोल्डर_आणि_डिंक:
मी स्पीकर दुरुस्त करतो. युनि-क्यूत वूफरचा कोन हाच ट्विटरचा कर्णा असतो. बास वाढवला की कर्णाच मागेपुढे हलतो आणि वरचे सूर गढूळ होतात. म्हणून बाससाठी वेगळा वूफर असलेलं थ्री-वे (सूर तीन ड्रायव्हरांत वाटणारं) मॉडेल घ्यावं.

मला खरं नवीन वाटतं ते डेन्मार्कच्या प्युरिफाय कंपनीचं काम. वूफरच्या कडेची रबरी गोलाई पाहा. कोन पुढेमागे जाताना ती कडा कमीजास्त हवा ढकलते, म्हणजे कोनाचं क्षेत्रफळच बदलत राहतं आणि त्यातून विकृती येते. त्यांनी कडेला उंचसखल वळणं देऊन हा बदल आवरला. चुंबक, कॉइल, कोन सगळं जुनंच, चूक मात्र नेमकी पकडली.

जुनं_खोकं:
हे पटलं. तरी माझ्या जुन्या वूफरची फोमची कडा बोटानं दाबली की भुगा होते, आणि पाचशे-हजारात नवी बसते. त्या वळणावळणाच्या कडेचं दहा वर्षांनी काय करायचं?

सोल्डर_आणि_डिंक:
रबर फोमपेक्षा पुष्कळ टिकतं. पण तशी कडा सुटी मिळाली नाही तर अख्खा ड्रायव्हर बदलावा लागेल. घेताना दुकानदाराला सुट्या ड्रायव्हरची किंमत विचारा.