अकरावीचा फॉर्म: लॉगिन कोणाच्या हातात?

साक्षेपी:
'प्राप्ते तु षोडशे वर्षे पुत्रं मित्रवदाचरेत्' तोंडपाठ असलेले बाबा अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मचा पासवर्ड मात्र स्वतःकडे ठेवतात. भाग १ माहितीचा, तो कोणीही भरा. भाग २ मध्ये शाखा आणि १ ते १० कॉलेजांचा पसंतीक्रम असतो. तो मुलानंच भरावा, लॉकही त्यानंच करावा. शेवटच्या रात्री बापानं क्रम फिरवला आणि नेमकं पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, तर ते घ्यावंच लागतं. नाकारलं की पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद.

नांगरट:
पंधराव्या वर्षी 'माझं मत' म्हणजे बहुतेकदा जिवलग मित्र कुठे चाललाय ते. सायन्सनंतर बीए करता येतं, आर्ट्सनंतर इंजिनिअरिंग नाही. दारं उघडी ठेवणं हे बापाचं काम.

घासून_बघा:
दारांची यादी तरी नीट करा. कायद्याचा ५ वर्षांचा कोर्स, सीए फाउंडेशन, डिझाइनची प्रवेश परीक्षा यूसीड, एनडीएतली लष्कराची शाखा, या सगळ्यांना कुठल्याही शाखेची बारावी चालते. हवाई दल आणि नौदलाला भौतिकशास्त्र, रसायन, गणित लागतं, ते खरं. आणि दहावीनंतर पॉलिटेक्निक केलं तर बारावीशिवायही इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.
शिवाय सायन्सचं दार नुसतं घेतल्यानं उघडं राहत नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची पीसीएमची (भौतिकशास्त्र, रसायन, गणित) सीईटी २०० मार्कांची, त्यातले १०० एकट्या गणिताचे. गणिताला कंटाळलेल्या पोरासाठी ते भिंतीवर रंगवलेलं दार.

नांगरट:
फी कोण भरतं? क्लासचे पैसे बुडाल्यावर मत कोणाचं होतं हे विचारायला कोणी येत नाही.

साक्षेपी:
मग आकडा सांगून टाका. 'दोन वर्षांसाठी एवढेच आहेत' ही माहिती झाली, मूल तिचा विचार करू शकतं. 'पैसे माझे म्हणून सायन्स' ही दमदाटी.

ओळंबा:
मत पक्कं आहे की मित्राचं, हे तपासता येतं. अकरावीची पुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत. निकालाची वाट न बघता सुट्टीतच भौतिकशास्त्राचे पहिले दोन धडे आणि हव्या असलेल्या दुसऱ्या शाखेचं एक पुस्तक उघडायला लावा. त्यातली सदिशांची (व्हेक्टरची) उदाहरणं मुलानं एकट्यानं सोडवून बघावीत, बाबांनी शेजारी बसून नव्हे. मराठी माध्यमाच्या मुलांना इथेच दुसरा धक्का बसतो, कारण सायन्स इंग्रजीतून. त्यावर 'होईल सवय' म्हणून भागत नाही. रोजचा वेळ लागतो, आणि तो द्यायचा की नाही हे मुलानं ठरवायचं.

नांगरट:
पुस्तकाचं पटलं. पण गेल्या वर्षीचे कटऑफ समोर बसवून वाचून दाखवणार, आणि दहाही जागा भरल्याशिवाय लॉक नाही.

घासून_बघा:
खुशाल. फक्त 'वर अवघड कॉलेज टाकलंस तर खालचं जाईल' असं घाबरवू नका. वरचं नाही लागलं तर त्याच फेरीत खालच्यासाठी तेच मार्क धरतात, काही कापत नाहीत.