सोलापुरात विज्ञान संमेलन: पाणाड्याला मैदानात उतरवायचं का?

उभा_धागा
मंडळी, एक दिवसाचं संमेलन घ्यायचं चाललंय. आम्ही सातआठ जण आहोत: दोन शाळामास्तर, एक मेडिकलवाला, एक यंत्रमागावरचा जॉबर, बाकी कॉलेजची पोरं. वर्षभर महिन्यातल्या एका रविवारी जमतो, मोबाईलवर फिरणारा एखादा दावा घेतो आणि त्याच्या मुळाशी जायचा प्रयत्न करतो. बाराच्या वर माणूस कधी जमला नाही. आता दोनेकशे लोक बसतील असं काहीतरी करू, असं ठरलं.

तारखेवरच दोन रविवार गेले. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, त्या दिवसांत दुसरं काही ठेवायचं म्हणजे रिकाम्या खुर्च्यांशी बोलायची तयारी हवी. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन बारावीच्या परीक्षेत सापडतो. एका पोराने मेची १०-११ तारीख काढली, कारण तेव्हा भर दुपारी सोलापुरात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. कल्पना झकास. पण ४२ अंशात लोकांना बाहेर काढून सावली गेलेली दाखवायची, म्हणजे पुढच्या वर्षी कोण येणार? उरला २० ऑगस्ट. २०१३ साली याच दिवशी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि आता तो बऱ्याच ठिकाणी वैज्ञानिक दृष्टिकोन दिन म्हणून पाळतात. तोच घ्यावा, असं माझं मत.

खरा वाद कार्यक्रमावर आहे. मला भाषणं नकोत. आपल्या जिल्ह्यात बोअर मारण्याआधी पाणी कुठे लागेल ते विचारायला पाणाड्याला बोलवत नाही असं शेत दाखवा. तर शाळेच्या मैदानावर दहा बॅरल ठेवायचे. पाचात पाणी, पाचात वाळू, सगळ्यांना झाकणं. कशात काय ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. भरणारे भरतील आणि निघून जातील. पाणाड्याबरोबर फिरणाऱ्यालाही काही माहीत नसेल. त्याने पाण्याचे पाच ओळखायचे. सगळ्यांसमोर.

आमच्यातले निम्मे म्हणतात, ही गरीब माणसाची फजिती आहे. तुम्हाला काय वाटतं?

मुरूम
मी मोहोळकडचा, शेती करतो. तुमचं संमेलन होऊ द्या, पण बॅरलचा खेळ फसवा आहे. पाणाड्या जमिनीतलं वाहतं पाणी सांगतो, बॅरलमधलं साठवलेलं नाही.

माझंच सांगतो. दोन बोअर पाणी शोधणाऱ्या मशीनवाल्याच्या सांगण्यावरून मारले. तारा टाकल्या, आकडे लिहिले, कागद दिला. एक ४०० फुटाला कोरडा, दुसरा ५५० फुटाला नुसती धूळ. तिसऱ्या वेळी आईने हट्ट धरला म्हणून पाणाड्या आणला. तळहातावर आडवा नारळ घेऊन बांधाबांधाने फिरला. एका जागी नारळ उभा राहिला, मी स्वतः बघितला. २१० फुटाला दोन इंची पाणी लागलं. आता मला विज्ञान शिकवा.

कडक_भाकरी
मुरूमदादा, पाणी लागलं ते खरंच. पण दोन गोष्टी विचारतो. त्याच शेतात नारळ आडवा राहिला त्या जागी कुणी बोअर मारून बघितला का? आणि त्याच पाणाड्याचे फेल गेलेले बोअर कुठे लिहिलेत?

आपल्याखाली काळा पाषाण, दख्खनचा बेसाल्ट. पाणी त्यात नळीसारखं धावत नाही. वरच्या मुरमाच्या थरात, खडकाच्या भेगांत, लाव्हाच्या दोन थरांमध्ये जो तांबडा गेरूसारखा पट्टा असतो त्याच्या आसपास ते साठतं आणि झिरपतं. कुठे जास्त, कुठे काहीच नाही. म्हणून कुणीही कुठेही बोट ठेवलं तरी बऱ्याच वेळा थोडंफार लागतं. लागलं की पाणाड्याची वाहवा, नाही लागलं की आपलं नशीब.

आणि चाचणी नवीन नाही. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये एका कोठारात झाली होती. खाली गाड्यावर पाण्याचा पाईप, तो कुठेही सरकवायचा. वरच्या मजल्यावर पाणाडे. पाणी वाहतं होतं बरं का! ५०० जणांतून निवडलेले ४३ जण, ८४३ वेळा प्रयत्न. घेणाऱ्यांना स्वतःलाच वाटलं की काही जणांना खरंच कळतं. नंतर दुसऱ्यांनी तेच आकडे तपासले, तर अंदाजपंचे सांगण्यापेक्षा वेगळं काही निघालं नाही.

उभा_धागा
वाहत्या पाण्याचा मुद्दा मान्य. त्यावर उपाय आहे. आधी झाकणं काढून फिरवून घ्यायचं. पाणी दिसतंय, वाळू दिसतेय, आता नारळ उठतो का? उठला आणि तो म्हणाला की चालतंय, तरच पुढे. नाही उठला तर चाचणीच नाही, हसायचं कारणही नाही.

नारळीकरांनी २००८ मध्ये पुण्यात ज्योतिषांची परीक्षा घेतली तेव्हाही नियम आधी सांगितले होते. हुशार मुलांच्या १०० पत्रिका, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या १००, त्यातल्या प्रत्येकाला ४०. २७ जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली सुमारे ४६ टक्के. छापा-काटा केला असता तरी तेवढीच निघाली असती.

मुरूम
आणि त्यानंतर पत्रिका बघायचं कुणी सोडलं?

जुनी_गिरणी
मुरूमरावांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. मी वयाने तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठा असेन, म्हणून थोडं लांबून सांगतो.

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितोय म्हणून गाव रस्त्यावर. मी तेव्हा अशाच एका गटात होतो. आमच्या बोळात एका विणकराच्या घरासमोर रांग होती. मी आत गेलो, त्याच्या मागावरचा धोटा उचलला. धोट्याला पुढे लोखंडी टोक असतं. काठोकाठ भरलेला चमचा त्या टोकाला टेकवला आणि किंचित कलता केला. दूध चढलं, टोकावरून पातळ थर होऊन खाली ओघळलं. लाकडावर ओल दिसत होती. मी विजयी चेहऱ्याने सगळ्यांकडे बघितलं. पृष्ठताण वगैरे समजावलं.

त्या विणकराची आई धोट्याला हात जोडून म्हणाली, "मग धोट्यातबी देव आहेच की. दसऱ्याला पूजतोच न्हवं आम्ही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. रांग आणखी लांबली, दोन बायका धोट्याला दूध पाजायला थांबल्या.

म्हणून सांगतो, बॅरल मांडू नका. लोक तुमचा निकाल बघायला येतील आणि जे मनात घेऊन आले होते तेच घेऊन जातील. पाणाड्या तेवढा घरी जाऊन रडेल.

कडक_भाकरी
काका, धोट्याची गोष्ट भारी आहे. पण चूक कुठे झाली असं मला वाटतं ते सांगू का? तुम्ही आधी काही विचारलंच नाही. "धोटा पिईल का?" असं त्या आजींना आधी विचारलं असतं तर?

जुनी_गिरणी
नाही म्हणाल्या असत्या, बहुतेक. हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

अक्षता
स्पष्ट बोलते. अशा संमेलनांत शेवटी गाडी आमच्या देवांवरच येते. सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांवर, नवसावर. दुसऱ्या धर्मांतल्या गंडेदोऱ्यांचं नाव कुणी काढत नाही. आणि तारीख २० ऑगस्ट ठेवलीत की मी येणार नाही, माझ्यासारखे बरेच येणार नाहीत. तुम्हाला आम्ही हवे आहोत की फक्त टाळ्या वाजवणारे?

उभा_धागा
नंदीध्वजाला आम्ही कोण हात लावणार? आमच्यातला जॉबर दरवर्षी अक्षता सोहळ्याला असतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही कुठल्या एका धर्माचं नाव नाही, आणि यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन यांना तो लागू नाही असं कायद्यातच लिहिलंय. गंडेदोरे मात्र सगळ्यांचे येतील, शब्द देतो.

तारखेचं तुमचं म्हणणं मला आवडलं नाही, पण पटत चाललंय.

जुनी_गिरणी
मला नाही पटत. ज्या माणसाने जीव दिला त्याची तारीख अडचणीची वाटते म्हणून टाळायची?

अक्षता
टाळा नाही म्हणत काका. त्या दिवशी स्मरण करा ना, जरूर करा. पण शंका घेणाऱ्यांना बोलवायचं असेल तर तुमच्यावरच शंका घेणारेही त्यात आले.

पूर्व_भाग
एवढे प्रतिसाद वाचले, सगळे मराठीत. संमेलन कुणासाठी ओ? अशोक चौकाच्या पुढे आलात की घराघरात तेलुगू. विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर सुपात पानं-तंबाखू घेऊन बसतात, त्यांना "विवेकवाद" म्हणाल तर त्या वर बघणारसुद्धा नाहीत. आमच्याकडे दृष्ट काढत नाहीत, दिष्टी तीस्तारू. लेकरू रात्री किरकिर करायला लागलं की मीठ-मिरच्या. त्याच्यावर तिथल्या भाषेत, तिथल्या बाईने बोललं तर ऐकतील. कन्नडचंही तेच. एक तास तरी त्या भाषांत ठेवा, नाहीतर "सोलापूरचं" म्हणू नका, कुठल्यातरी कॉलनीचं म्हणा.

उभा_धागा
बरोबर पकडलंत. आमच्या आठात एकाला तेलुगू येतं आणि तो सर्वात कमी बोलतो. तुम्ही याल का?

पूर्व_भाग
मी नाही, माझी बहीण येईल. ती आशा वर्कर आहे, तिला माईक लागत नाही.

डॉक्टरीण
पाणाड्यावर एवढी शक्ती का घालवताय? त्यात पैसे जातात, जीव जात नाही. माझ्याकडे काविळीचे पेशंट उशिरा येतात, कारण आधी "कावीळ उतरवून" आलेले असतात. हाताला काहीतरी चोळतात, चुन्याच्या पाण्यात धुतात, पाणी पिवळं होतं. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आला की पाणी पिवळं होतंच, धुणाऱ्याला कावीळ असो की नसो. तुमच्यापैकी ठणठणीत माणसाने हात धुऊन बघावा.

गोम अशी की हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप जाते. श्रेय चुन्याला. पण ई ची कावीळ गरोदर बाईला झाली तर जीवावर बेतते, आणि पित्ताची नळी अडली असेल तर प्रत्येक आठवडा महाग पडतो. हे दाखवा. बॅरल राहू द्या.

मुरूम
डॉक्टरीणबाई, पैसे जातात, जीव जात नाही असं म्हणू नका. तीन फेल बोअरचं कर्ज काय असतं ते शेतकऱ्याच्या घरी येऊन बघा.

डॉक्टरीण
शब्द मागे घेते.

उभा_धागा
एक गंमत सांगायची राहिली, हसू नका. जेवणाचा खर्च कुणी उचलेल का म्हणून चौकशी करत होतो. एक गृहस्थ आनंदाने तयार झाले. दोनशे ताटं, कडक भाकरी, शेंगाचटणी, सगळं. बदल्यात फक्त एक स्टॉल. स्टॉल कसला? चुंबकाच्या गादीचा. सांधेदुखी, मधुमेह, झोप, सगळ्यावर.

कडक_भाकरी
घ्या की! जेवण त्यांचं, शेजारी टेबल आपलं. दोन गाद्या, एकीत चुंबक, एकीत नाही, वरून सारख्या. झोपून सांगा कुठली.

जुनी_गिरणी
अजिबात नको. त्यांचं मीठ खाऊन त्यांची परीक्षा कशी घेणार? डबे आणायला सांगा घरून. आणि उद्घाटनाला रोपाला पाणी घालणार असाल, तर ते रोप महिन्याने जिवंत आहे का हे बघायची जबाबदारी एकावर द्या. मी आजवर अशी बरीच रोपं पहिल्या पाण्यानंतर मेलेली पाहिलीत.

बांधावरचा
उशिरा येतोय. माझे मामा पाणाडे आहेत. हा सगळा धागा त्यांना वाचून दाखवला. पैसे ठरवून घेत नाहीत, नारळ आणि मर्जीने जे देतील ते. फेल गेलेला बोअर त्यांना कुणी येऊन सांगत नाही, म्हणून त्यांनाही माहीत नाही आपण किती वेळा चुकलो. हे वाचताना ते बराच वेळ गप्प बसले.

ते यायला तयार आहेत. अटी दोन. एक, "बुवा" किंवा "भोंदू" हा शब्द बोर्डावर, भाषणात कुठेही नको. दोन, मशीनवाल्यालाही मैदानात उतरवा.

कडक_भाकरी
मामांना नमस्कार. त्यांनी हे ऐकावं: कडुनिंबाची बेचकी ताणून धरली की मनगट केसभर हललं तरी ती फाटकन खाली जाते. नारळाचंही तसंच, आपल्याला न कळत हात करतो. यात खोटेपणा नाही. १८५२ मध्येच विल्यम कार्पेंटर नावाच्या डॉक्टरने याला नाव दिलंय. त्यामुळे भोंदू म्हणायचा प्रश्नच नाही.

मशीन मात्र बॅरलवर चालणार नाही. ते जमिनीतून वीज सोडून तिला किती अडथळा होतो ते मोजतं, त्याला शेतच लागतं. त्यांची परीक्षा वेगळी: गेल्या पाच वर्षांत सांगितलेल्या सगळ्या जागा, लागलेल्या आणि फेल गेलेल्या, वहीत लिहून आणायच्या. मामांच्याही.

मुरूम
ही वही मी करतो. आमच्या गावातले बोअर मला तोंडपाठ आहेत. आणि बॅरलला माझा विरोध नाही आता, फक्त किती बरोबर आले तर पास ते आधी सांगा.

कडक_भाकरी
नेमकं तेच. दहातून पाच निवडायचे २५२ प्रकार होतात. त्यातल्या १२६ मध्ये तीन किंवा जास्त बरोबर येतात, म्हणजे डोळे मिटून सांगितलं तरी निम्म्या वेळा "पाचात तीन बरोबर!" अशी आरोळी उठणार. पाचही बरोबर फक्त एका प्रकारात. म्हणून पास म्हणजे पाचाला पाच, आणि तीन फेऱ्या. आणि निकालाआधी प्रत्येक प्रेक्षकाने चिठ्ठीवर स्वतःचे पाच लिहायचे. मामांचे तीन आले आणि तिसरीतल्या पोरीचे चार आले, तर मी काही बोलायची गरज नाही.

जुनी_गिरणी
चिठ्ठ्या आधी लिहून घेणार असाल तर मी येतो. तारखेवर मात्र माझं मत नोंदवून ठेवा.

बांधावरचा
मामा म्हणतात, पाचाला पाच चालेल. नाही आले तर माईक मला द्या, मी बोलेन.

उभा_धागा
ठरलं. काविळीचा हात धुवायचा घमेलाही डॉक्टरीणबाईंच्या ताब्यात. तारीख सप्टेंबरचा पहिला रविवार धरू, भांडण सुरू ठेवायला हरकत नाही. आता बॅरल. दहा लागतील, झाकणासकट.

पूर्व_भाग
सोलापुरात बॅरलची काय टंचाई बे! पाणी काही दिवसांआड येतंय, प्रत्येकाच्या दारात चारचार. नळाला कधी येणार ते सांगणारा पाणाड्या मिळाला तर त्याला आधी बोलवा.

अक्षता
माझ्याकडचे तीन घ्या. पण संध्याकाळपर्यंत परत पाहिजेत, दुसऱ्या दिवशी पाणी आहे. आणि वाळू धुऊन द्या.