शब्दचर्चा: कॉन्ट्रा डान्समधल्या ‘कॉलर’ला मराठीत काय म्हणावं?

रानजाई
आमच्या मंडळाने (मॅसॅच्युसेट्स) यंदा स्नेहसंमेलनात तासभर कॉन्ट्रा डान्स ठेवायचं ठरवलंय. न्यू इंग्लंडात हा नाच जुन्या टाउन हॉलांत, ग्रेंज हॉलांत (शेतकरी संघटनेच्या सभागृहांत) रंगतो. समोरासमोर दोन लांब रांगा, फिडल-पियानोची जिवंत साथ, आणि स्टेजवरून एक जण पुढे काय करायचं ते सांगत असतो. तो कॉलर. जोडीदार बरोबर आणावा लागत नाही, दर नाचाला नवा शोधायचा. नवख्यांना आधी थोडं शिकवतात.
पत्रक मराठीत काढायचंय आणि घोडं पहिल्याच शब्दाला अडलंय. ‘आजची कॉलर अमुक अमुक’ असं छापलं तर लोकांना शर्ट आठवणार. सुचवा काहीतरी.

हापूसप्रेमी
पुकारा! ‘नाच पुकारणे’. झकास वाटतं की.

तळटीप
पुकारा म्हटलं की कोर्टातला पट्टेवाला डोळ्यांसमोर येतो. शिवाय कॉलर कोणाला बोलावत नसतो. त्याचं खरं काम बघा. धून बहुधा ६४ मात्रांची: पहिला भाग दोनदा, दुसरा दोनदा, दर वेळी १६ मात्रा. नाचाचं एक आवर्तन तेवढ्यातच बसवलेलं असतं. दोन्ही रांगा पुढे येऊन मागे जाणार, ८ मात्रा. डोलून गिरकी, १६. आता गिरकी समेवर सुरू व्हायची तर ‘गिरकी’ हा शब्द सम यायच्या आत तोंडातून बाहेर पडून संपलेला हवा. म्हणजे लोक अजून आधीच्या चालीच्या शेवटच्या दोन-चार मात्रांत असताना कॉलर पुढचं बोलतो. समेवर बोलला तर अख्खी रांग उशिरा पोहोचणार.
आणि गंमत अशी की चार-सहा आवर्तनांनंतर तो शब्द गाळायला लागतो. आधी ‘शेजाऱ्याबरोबर डोलून गिरकी’, मग नुसतं ‘गिरकी’, मग काहीच नाही. लोक आता धुनीवर नाचतायत. कुठे रांग विस्कटली तरच पुन्हा माइक.
याला मराठीत ‘सांगणे’ हेच क्रियापद योग्य. आपण पुराण सांगतो, पोथी सांगतो. तसं नाच सांगणे.

डावखुरा
पुराणिकबुवा आपणहून गप्प बसल्याचं ऐकिवात नाही, तरी ‘सांगणे’ पटलं. 🙂 मात्र त्याचं नाम करत बसू नका. ‘सांग्या’, ‘नृत्यसूचक’ असलं काही छापलंत तर लोक यायचेच नाहीत. ‘नाच सांगणार: अमुक, वाजवणार: तमुक’ असं लिहा. जुन्या हँडबिलांसारखं दिसेल आणि नामाची गरजच पडणार नाही. तोंडी कॉलर म्हणा खुशाल.

रानजाई
हे आवडलं! तसंच करते.

हापूसप्रेमी
कॉन्ट्रा म्हणजे ‘विरुद्ध’ ना? समोरासमोर उभे राहतात म्हणून?

तळटीप
नाही. मूळ इंग्रजांचा ‘कंट्री डान्स’. लंडनच्या जॉन प्लेफर्डने १६५१ मध्ये त्याचं पुस्तक छापलं. नाच फ्रान्सला गेला आणि फ्रेंचांनी त्याचं ‘कॉन्त्रदांस’ केलं. रांगा समोरासमोर असल्यामुळे अपभ्रंश अर्थालाही चिकटून बसला. अमेरिकेत त्याचंच तुटून ‘कॉन्ट्रा’. नाचातली ‘डो-सि-डो’ ही चालही फ्रेंचच, पाठीला पाठ.

रानजाई
आता खरी पंचाईत. जोडीतल्या दोघांना पूर्वी ‘जेंट्स’ आणि ‘लेडीज’ म्हणायचे. हल्ली कोणीही कुठल्याही बाजूने नाचतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी ‘लार्क्स’ आणि ‘रॉबिन्स’ म्हणतात. लार्क जोडीत डावीकडे, रॉबिन उजवीकडे, गिरकी संपतानाही तसेच. ‘चंडोल आणि दयाळ’ लिहू का?

डावखुरा
दयाळ हा आपला रॉबिन. अमेरिकेतला रॉबिन कस्तूर कुळातला, निराळा पक्षी. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे पक्षी तिथे हौसेने आणलेले नाहीत. लार्कचा ‘एल’ म्हणजे लेफ्ट, रॉबिनचा ‘आर’ म्हणजे राइट, एवढ्यासाठी आणलेत. चंडोल-दयाळात ती खूण गेली, उरले नुसते पक्षी. डाव्यासाठी ‘ड’चा आणि उजव्यासाठी ‘उ’चा पक्षी शोधा.

हापूसप्रेमी
डोमकावळा आणि उलूक!

तळटीप
वा. पंचतंत्रात काकोलूकीय म्हणून एक अख्खं तंत्र या दोघांच्या वैरावर आहे. त्यांना हातात हात घालून नाचवा. (रॉबिनच्या आधी काही ठिकाणी ‘रेव्हन’, म्हणजे डोमकावळाच होता, पण उजवीकडे.)

रानजाई
हसून मेले. सरळ ‘डावे’ आणि ‘उजवे’ लिहिते. पण ‘डाव्यांनी डावा हात द्या’ म्हटल्यावर काय होईल ते दिसतंय.

डावखुरा
डाव्यांना राजकारणाचीही हौस असते, सांभाळा. त्यापेक्षा लार्क-रॉबिन तसेच ठेवा. तिकडच्या मराठी माणसाला लेफ्ट-राइट समजतंच.

रानजाई
आणखी एक. दोघांनी हात न धरता, एकमेकांच्या डोळ्यांत बघत एकमेकांभोवती फिरायचं, अशी एक चाल आहे. तिचं जुनं नाव ‘जिप्सी’. रोमा लोकांना तो शब्द अपमानकारक वाटतो म्हणून आता पुष्कळ कॉलर ‘राइट शोल्डर राउंड’ म्हणतात. मराठीत?

तळटीप
प्रदक्षिणा! ‘दक्षिण’ म्हणजे उजवा. देवाला उजव्या हाताला ठेवून फिरायचं, तेच इथे. दोघांचेही उजवे खांदे आत, दोघंही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. इंग्रजीला तीन शब्द लागले, आपल्याकडे एकात दिशेसकट आहे.

हापूसप्रेमी
डोळ्यांत बघत प्रदक्षिणा घातली तर आमच्या आजीला विचारावं लागेल. पण शब्द लाख आहे.

डावखुरा
सहमत. डाव्या खांद्याने फिरायचं असेल तर ‘उलटी प्रदक्षिणा’.

रानजाई
शेवटचं. चौघं एकमेकांना कधी उजव्या, कधी डाव्या खांद्याने ओलांडत नागमोडी जातात, पुरी १६ मात्रा. इंग्रजीत तिला ‘हे’ म्हणतात.

हापूसप्रेमी
माइकवरून ‘हे!’ आलं की अर्ध्या काकू आपापल्या नवऱ्याकडे बघणार.

तळटीप
गोफ. ‘गोफ विणा’.

रानजाई
गोफ! छापायला टाकते. बेकेट (जोडीदार समोर नाही, शेजारी उभा राहतो ती रचना) तसंच ठेवलंय, ते आमच्याच राज्यातलं गावाचं नाव. आणि सुरुवातीला फिडल चार ठोके देते त्याला इथे ‘चार बटाटे’ म्हणतात, ते भाषांतर न करता तसंच सांगणार आहे.

हापूसप्रेमी
बटाटे ठेवा. जेवण किती वाजता आहे?